पंचायतीतला दिव्यांगांचा माणूस आणि त्यांचा 5 टक्के पैसा कसा गाठायचा

आमच्याकडं खानापूर, निपाणी भागात कुणालाबी विचारा की दिव्यांगांचं काम बघणारा सरकारी माणूस कोण, लोक सरळ पेन्शन आणणाऱ्या पोस्टमनकडं बोट दाखवतात. पण कर्नाटकात ग्रामपंचायतीला एक व्हीआरडब्ल्यू, म्हणजे गावचा पुनर्वसन कार्यकर्ता, नेमायचा असतोय, तालुक्याला तसाच एमआरडब्ल्यू आणि शहरात यूआरडब्ल्यू. ह्यांना पगार नाही, मानधन मिळतंय. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा फॉर्म भरणं, पेन्शन अडकली तर पाठपुरावा करणं, सायकल-कुबड्यांसाठी नाव पाठवणं हे त्यांचं काम. बोर्डावर कन्नडमध्ये 'विकलचेतन' शब्द दिसला की तिथंच विचारा.

आता एका माणसाकडं चार-पाच गावं असली तर तो सगळीकडं कुठं पुरणार? आमच्या पंचायतीतला तर स्वतः कुबड्यांवर चालतोय आणि त्याचं टेबल माडीवर! व्हीलचेअरवाली माणसं खाली जिन्यापाशी थांबायची आणि हा बिचारा एकेक पायरी उतरून कागद घ्यायला यायचा, दोन वर्षं असंच चाललं. म्हणून त्याच्यावर ओरडत बसू नका, आधी त्याचा नंबर घ्या, कुठल्या वारी कुठं असतो विचारा. जागाच रिकामी असली तर पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, लेखी अर्ज द्या आणि ग्रामसभेत ठराव मांडा, नुसतं तोंडी बोललेलं वहीत चढत नाही.

पैशाचं ऐका आता, कारण खरी गंमत इथंच आहे. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांचं भाडं ह्यातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. समजा वर्षाला 8 लाख जमा झाले तर 40 हजार. मी माझ्या चुलत बहिणीच्या पोरीसाठी गेलो, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, तर क्लार्क म्हणाला फंड आलेला नाही. अहो, हा फंड वरनं येतच नाही, तुमच्या वसुलीतनंच काढायचा असतोय की! मग मी घरपट्टी किती वसूल झाली विचारलं, तेव्हा कुठं खुर्ची दिली बसायला.

तुम्ही पण तेच विचारा. गेल्या वर्षी स्वतःचं उत्पन्न किती, त्यातले 5 टक्के कुठं गेले, कुणाला काय दिलं. सांगत नसतील तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये, बीपीएलवाल्यांना तीपण नाही, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, त्यामुळं रामायण लिहू नका. आणि मार्चपर्यंत थांबू नका, वर्ष संपताना घाईघाईत काहीतरी वाटून हिशोब पुरा करतात, ज्याला श्रवणयंत्र पाहिजे त्याच्या हातात चादर. पंचायतीचा पुढच्या वर्षाचा ॲक्शन प्लॅन, म्हणजे कामांचा आराखडा, ठरतो तेव्हाच नावानिशी मागणी द्या.

भाषेचं म्हणाल तर घटनेच्या कलम 350 प्रमाणे तक्रारीचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीत पण. तरी मी मराठी अर्जामागं कन्नड कॉपी जोडतो, टेबलावरनं लवकर सरकतो, हट्ट नंतर करू. दुसऱ्या कॉपीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय मात्र हलू नका.

एवढं करूनही अडलं तर खाजगी वकिलाकडं पळू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिव्यांग माणसाला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, वकिलाचे पैसे विधी सेवा प्राधिकरण देतंय. जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतंय, फोन 15100. भेदभावाची तक्रार असली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे राज्य आयुक्त बेंगळूरला आहेत, तिकडं ती शिक्का मारलेली कॉपीच पाठवायची.