एन्फील्डची सैल शिडी बसवताना काय काय हाताशी हवं (आणि तेल!)

गेल्या ऑक्टोबरात व्हर्जिनियात, विंचेस्टरजवळ फोर्ट शेनान्डोआच्या मैदानावर टीमची नेमबाजीची शर्यत चालू होती आणि घड्याळ पळत होतं. तिसऱ्या बाराला माझ्या रायफलची मागची साइट (नेम धरायची, नळीवरची घडीची पट्टी) उठून उभी राहिली. बोटाने दाबून आडवी केली. चौथ्या बाराला पुन्हा तेच. सहाव्या बारानंतर स्क्रूच गवतात गेला तो गेलाच. आणि ही साइट मी आदल्याच रविवारी 'पक्की' केली होती. म्हणून ही यादी. मुख्यतः माझ्यासाठीच.

रायफल म्हणजे 1853 च्या एन्फील्डची इटालियन नक्कल, 39 इंची नळीची. गावी फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "ती 1857 च्या काडतुसांची?" हो, तीच. कुडाळला आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला मागची साइटच नव्हती, त्यामुळे सैल व्हायलाही काही नव्हतं. एन्फील्डची मागची साइट मात्र म्हणजे घडीची शिडी आहे, 900 यार्डांपर्यंत आकडे कोरलेली. आम्ही मारतो 50 आणि 100 यार्डांवर. असो.

आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. ठासणीच्या बंदुकीला बोल्ट नसतो, उघडून डोकावता येत नाही. गज तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर टेपची खूण करा, मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघा. टोक निपलच्या (ज्यावर ठिणगीची टोपी बसते त्या बोंडाच्या) आसपास पोचलं तर ठीक. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार भरलेला आहे, काम तिथेच बंद. दारूचा डबा आणि टोप्या दुसऱ्या खोलीत. यावर वाद नको.

मग नक्की काय सैल आहे ते बोटाने ओळखा, नाहीतर भलताच स्क्रू आवळत बसाल. शिडीची अख्खी बैठक (ती ज्यावर बसते तो तळ) नळीवर हलते का? शिडी डावी-उजवीकडे डुलते का? की आडवी ठेवली तरी फटकन उठते? माझं तिसरं होतं. शिडीखाली पट्टीची एक स्प्रिंग असते, ती एका इवल्याशा स्क्रूने बैठकीला धरलेली असते. तिचं मोकळं टोक शिडीच्या बुडाला दाबून धरतं, म्हणून शिडी ठेवाल तशी राहते. हा स्क्रू अर्धा फेरा सुटला की दाब संपला, शिडी खुळखुळा.

हत्यारं: खाचेत गच्च बसणारा, समांतर पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर. घरातला पाचरीसारखा निमुळता चालणार नाही, तो खाचेतून निसटतो आणि स्क्रूचं डोकं कुरतडतो. भिंग. पितळी हातोडी आणि बिजागरीच्या खिळीसाठी बारीक पंच. व्हाइसच्या जबड्यांना चामडं. स्टीलचं ताट, काठ असलेलं, खाली लोहचुंबक. ताटावर हसू नका, तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा आहे. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद. लाल नको, पुढच्या वेळी उघडायला नळी तापवावी लागेल.

आता तेल. मागच्या वेळी मी थ्रेडलॉकर लावलं ते तेलकट स्क्रूवर. स्क्रू फडक्याने पुसला होता, हे मी सगळ्यांना सांगत सुटलो. फडक्याने आट्यांमधलं तेल निघत नाही. आणि भोक तर मी पुसलंच नव्हतं. काळ्या दारूची बंदूक आपण गरम पाण्याने धुतो, लगेच तेलाने न्हाऊ घालतो, आणि ते तेल बैठकीखाली, भोकात, जिथे जागा मिळेल तिथे मुरून बसतं. त्यावर थ्रेडलॉकर धरत नाही, नुसतं ओलं राहतं.

तेव्हा ॲसिटोन आणि कापूस. स्क्रू ॲसिटोनमध्ये बुडवा. भोकात कापूस गुंडाळलेली टूथपिक फिरवा. काळी निघेल. दुसरी, पिवळी. पाचवी पांढरी निघाली की खूश होऊ नका. हेअर ड्रायरने नळी कोमट करा आणि दहा मिनिटं थांबा: भोकाच्या कडेला तेलाचं बारीक कडं पुन्हा उमटतं. मी ते या वेळी भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पुन्हा टूथपिक. कोमट करूनही पांढरीच निघेपर्यंत. त्यानंतर स्क्रूला बोट लावायचं नाही, चिमट्याने धरा. बोटालाही तेल असतं.

ॲसिटोन दस्त्याच्या पॉलिशवर सांडलं तर पॉलिश जातं, म्हणून नळी लाकडातून काढून घ्या. खिडकी उघडा, जवळपास शेगडी नको.

बैठकच हलत असेल तर ती काढण्याआधी दोन्ही बाजूंना नळीवर बारीक रेघ ओढा. मागची साइट 1 मिलिमीटर सरकली की 100 यार्डांवर गोळी दहा-बारा सेंटीमीटर सरकते. आणि जुना स्क्रू हरवला म्हणून लांब स्क्रू घालू नका, खाली नळीची भिंत आहे. भोक खोल करणं तर डोक्यातही आणू नका.

स्प्रिंग मेली असेल तर किंचित बाक द्या, केसभर. जास्त वाकवली तर मोडते. शिडी डुलत असेल तर खिळी झिजली आहे, किंचित जाड घाला. हातोडी मारताना खाली लाकडी ठोकळा ठेवा. शिडीवर वर-खाली सरकणारी सरकी सैल असेल तर पुढच्या रविवारी, एका दिवशी एवढं पुरे.

मग जोडणी. तेल निघालंय ना? एक थेंब आट्यांवर, स्क्रू आवळा, बाहेर आलेलं पुसा. 24 तास हात लावू नका. तेल तर मुळीच नाही. काम झालं की तेलाचा फडका फिरवून बंदूक ठेवायची सवय हाताला असते, तो हात आवरा. मी तेलाची बाटलीच गॅरेजात ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी शिडी वीस वेळा उघडझाप. मैदानावर पाच बार, मग स्क्रूच्या खाचेला नख लावून बघा हलतो का. जादा स्क्रू टोप्यांच्या डबीत. तोही ॲसिटोनने धुतलेला.