तिरळेपणाच्या ऑपरेशननंतरची बधिरता : या चुका टाळा

तिरळेपणाचं ऑपरेशन झालेलं चार वर्षांचं मूल किंचाळत उठतं, डोळ्यावरची पट्टी ओढतं, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कुणीतरी म्हणतंच, "मुलं रडतातच हो." मला हे सहन होत नाही. स्नायू सोडवून नव्या जागी शिवलाय, दुखणारच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बधिर करणारे थेंब घरी देणं. मी ज्युनियर असताना सहा वर्षांच्या एका मुलीच्या आईला कुणीतरी प्रोपॅराकेनची, म्हणजे त्याच बधिर करणाऱ्या थेंबांची, अर्धी उरलेली बाटली दिली, "दुखलं की एक थेंब टाका" म्हणून. त्याचा असर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. बिचारी रात्रभर थेंब टाकत बसली. तिसऱ्या दिवशी मुलगी आली ती आईच्या पदरात तोंड खुपसूनच, उजेड सोसवत नव्हता. फ्लुरोसिन या रंगाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात पाहिलं तर कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) मधोमध तुरीच्या दाण्याएवढा हिरवा डाग. हे थेंब वारंवार पडले की कॉर्नियाचा वरचा थर भरून येत नाही, आणि डोळा बधिर असल्यानं मूल तो चोळत राहतं. जखम भरली, पण "डॉक्टर, मीच टाकले ना?" हा त्या आईचा प्रश्न अजून आठवतो. तेव्हापासून ती बाटली मी ओटीबाहेर जाऊच देत नाही.

दुसरी चूक घाईची. कंजंक्टायव्हा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण, उघडली की आमचे रेसिडेंट लगेच हुक घालून स्नायू ओढतात. नाडी ११० वरून पन्नाशीत येते, भूलतज्ज्ञ ओरडतात, मग हुक सोडायचा. डोळ्याचा स्नायू ताणला की हृदय मंदावतं, हे १९०८ पासून माहीत आहे. मी आधी बोथट कॅन्युलानं (बारीक नळीनं) सब-टेनॉनमध्ये, म्हणजे डोळ्याभोवतीच्या आवरणाखाली, बधिर करणारं औषध सोडते, यालाच आम्ही ब्लॉक म्हणतो, आणि घड्याळाकडे बघत थांबते. त्यातलं लिग्नोकेन लवकर चढतं, ब्युपिव्हाकेन नंतर काही तास साथ देतं. मग नाडी फारशी पडत नाही, उलट्याही कमी होतात. एवढं थांबायची तयारी नसेल त्यानं लहान मुलांचं ऑपरेशन हातात घेऊ नये.

डोस वजनावर काढा. ०.५ टक्के ब्युपिव्हाकेनच्या एका मिलीत ५ मिग्रॅ असतं; किलोला २ मिग्रॅ धरलं तर १२ किलोच्या मुलाला २४ मिग्रॅ, म्हणजे पाच मिलीच्या आतच, तेही दोन्ही डोळे मिळून. लिग्नोकेन सोबत असेल तर आणखी कमी. मी हा आकडा सुरुवातीलाच फळ्यावर लिहिते.

स्नायूच्या आत टोचू नका. ब्युपिव्हाकेन स्नायूचे तंतू मारतं. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर उपचार म्हणून ते मुद्दाम वापरलं होतं.

त्याच दिवशी मूल जागं असताना स्नायूचा टाका सैल-घट्ट करायचा असेल तर ब्लॉक देऊ नका, डोळा हलणारच नाही.

बाहुली मोठी दिसेल, डोळा काही तास फिरणार नाही, हे आईवडिलांना आधीच सांगा. आणि ब्लॉक उतरायच्या आत पॅरासिटॅमॉल, किलोला १५ मिग्रॅ. ती वेळ मी डिस्चार्ज कार्डावर स्वतःच्या हातानं लिहून देते.