गोडी छाटणीची फवारणी आणि हळदीचा काढा

दसरा झाला की दिंडोरी, निफाड, पिंपळगाव अशा नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सगळीकडं गोडी छाटणीची (फळासाठी द्राक्षवेलीची छाटणी) धांदल सुरू होते आणि मग पेस्टिंग (डोळे फुटायला काडीला औषध लावणं), पोंगा (कोवळी फूट), डाऊनी-भुरी हे बुरशीचे रोग, थ्रिप्स ही कीड असं करत मणी सेट होईपर्यंत ब्लोअर (फवारणीचं यंत्र) काही थांबत नाही. ह्याच टायमाला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो की हळद-मिरीचं दूध प्या, अश्वगंधा घ्या, ब्राह्मी घ्या, मग फवारणीच्या औषधाचा नसांना त्रास होत नाही. ह्यात थोडं तथ्य आहे, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. आपल्या नसा स्नायूला निरोप देतात तो एसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून, आणि काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते रसायन मोडून टाकतं. ही औषधं त्या एन्झाइमलाच जखडून ठेवतात. मग मोटारीचा स्टार्टर अडकून राहावा तशी नस चालूच राहते. तोंडाला लाळ, डोळ्यात पाणी, दरदरून घाम, पापणी नाहीतर दंड फडफडणं, छातीत कफ भरणं, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ही बाहुली बघायची सवय लावा, घरच्या बायामाणसांनाही दाखवून ठेवा.

याशिवाय ही औषधं मेंदूच्या आणि नसांच्या पेशींत ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणारे घटक साचणं) वाढवतात, आणि हळदीतलं कर्क्युमिन किंवा अश्वगंधाचा अर्क काम करतो तो इथं. प्रयोगशाळेत उंदरांना अर्क आधीपासून किंवा विषाच्या बरोबरीनं रोज दिला तर नुकसान कमी दिसतं, असे प्रयोग बरेच झालेत. पण उंदराला मोजून दिलेला घट्ट अर्क वेगळा आणि आपलं चमचाभर हळदीचं दूध वेगळं. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ग्रॅमच्या आसपास, त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं. आणि मुख्य म्हणजे जखडलेलं एन्झाइम काढा सोडवत नाही. दवाखान्यात लक्षणं आवरायला ॲट्रोपिन आणि एन्झाइम सोडवायला पॅम (प्रॅलिडॉक्सिम) अशी इंजेक्शनं देतात. हळद जेवणात खा की, चांगलीच आहे, पण ती घेतली म्हणून हातमोजे काढू नका. अश्वगंधाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, काही लोकांच्या लिव्हरला त्याचा त्रास झालेला आहे.

धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं हे खरंय, पण कुठल्या बीमध्ये किती ते सांगता येत नाही, म्हणून विषबाधेवर धोतरा अजिबात देऊ नका, माणूस दुहेरी विषानं जाईल. वनस्पतीचं म्हणजे सौम्य असं काही नसतं. रोटेनोन हे झाडाच्या मुळातलंच कीटकनाशक, आणि उंदरांत पार्किन्सनसारखा आजार तयार करायला शास्त्रज्ञ तेच वापरतात.

आता खरं संरक्षण. औषध अंगात जातं ते जास्त करून कातडीतून, आणि ऑक्टोबरच्या उन्हात घामेजलेल्या अंगातून अजून लवकर. तोंडाला रुमाल बांधला तर वाफ अडत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. नायट्राईलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, गमबूट. नोझल चोकअप झालं की तोंडानं फुंकू नका, आणि टाकीत औषध कालवलेल्या हातानं तंबाखू मळू नका, हे अजूनही सर्रास चालतं. काम झालं की साबणानं अंघोळ, कपडे वेगळे धुवा. दोन-तीन कीटकनाशकं मनानं एकत्र करू नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, ती आपल्यासारखीच हंगामात घाई करणारी माणसं होती.

पेस्टिंगचं वेगळं सांगतो. त्यात वापरतात ते हायड्रोजन सायनामाईड कातडी जाळतं, आणि त्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड होते, बीपी खाली येतो. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांना हे कुणी सांगतच नाही. आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर दारू बंद हे मालकानं स्वतः सांगायचं, आणि हातमोजेही मालकानंच द्यायचे.

जे लोक रोज फवारतात त्यांनी सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासून कागद जपून ठेवा. सीझनमध्ये परत तपासलं की किती घसरलं ते डॉक्टरला कळतं, आधीचा आकडा नसेल तर अंदाजच लावावा लागतो.

आणि कुणाला त्रास झालाच तर आधी हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, साबण-पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं असेल तर १५ मिनिटं स्वच्छ पाणी मारा. दूध-तूप पाजू नका, उलटी करायला लावू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन लावा. दिल्लीच्या एम्सच्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७. औषधाची बाटली लेबलसकट बरोबर न्या. बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका, १ ते ४ दिवसांत मान धरवेना, श्वास कमी पडायला लागला असं होऊ शकतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या आल्या, पाऊल उचलेना झालं तर परत डॉक्टरकडं जाऊन फवारणीचं आठवणीनं सांगा.