नळाच्या पाण्यातलं नायट्रेट: प्लांटेड टँकवाल्यांनो, या चुका टाळा

प्लांटेड टँक म्हणजे जिवंत वनस्पती असलेलं माशांचं अ‍ॅक्वेरियम. त्यात नायट्रेट (मासे आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारा नायट्रोजनचा क्षार) ४० मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसलं की माशांना खाणं कमी दिलं जातं, फिल्टर धुतला जातो, पाणी आठवड्यातून दोनदा बदललं जातं. तरी आकडा हलत नाही. अशा वेळी बादलीतलं नवं पाणी तपासा. नळालाच ४० असेल तर पाणी बदलून टँक त्याखाली येणार नाही.

‘आमच्याकडे गंगापूर धरणाचं पाणी आहे’ एवढ्यावर नाशिककरांनी थांबू नये. धरणाच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमीच असतं. पण अनेक सोसायट्यांत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं, उन्हाळ्यात टँकरचंही. शेतातल्या खतांचं आणि शोषखड्ड्यांचं नायट्रेट माती धरून ठेवत नाही, ते झिरपून भूजलात जातं. म्हणून जानेवारीतल्या तपासणीवर मे महिन्यात विसंबू नका.

आकडा वाचतानाही घोटाळा होतो. पाणी तपासायचे काही किट आणि लॅब नायट्रेटचा आकडा देतात, काही त्यातला फक्त नायट्रोजन. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणायचं, म्हणजे ९ चे ४० होतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर नायट्रेट आहे. बोअरचं पाणी त्यापुढे गेलं तर माशांचं नंतर बघा, आधी ते तान्ह्या बाळाच्या दुधात वापरणं थांबवा.

पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाफ गेल्यावर जास्त दाट होतं. रात्रभर ठेवून किंवा अँटिक्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध) टाकूनही काही फरक पडत नाही. आरओने ते बरंचसं निघतं, पण निघालेलं सगळं वेस्टच्या नळीतून बाहेर येतं. ते पाणी साठवून टँकमध्ये घालणं ही घरोघरी होणारी चूक. आरओचं शुद्ध पाणी आणि ४० चं नळाचं पाणी निम्मं निम्मं मिसळा, साधारण २० मिळेल. नुसतं आरओ वापराल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं द्यावं लागेल.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र खताच्या चुकीने होतं. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात द्राक्षवाल्यांचं १३-०-४५ सहज मिळतं, म्हणून टँकवालेही तेच वापरतात. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. नळालाच नायट्रेट असताना ते घालत राहिलं की आकडा चढतच जातो. मग कोणी घाबरून ते एकदम बंद करतं. त्यासोबत पोटॅशियमही बंद होतं आणि जुन्या पानांना बारीक भोकं पडायला लागतात. लोक त्याचा दोष गोगलगायींना देतात. अशा टँकला ०-०-५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट द्या. फॉस्फेट आणि लोह चालू ठेवा.

आणि शून्याचा हट्ट नको. वनस्पतींना नायट्रोजन लागतोच, १० ते २५ नायट्रेट उत्तम. शेवाळ आलं तर आधी लाइटचे तास आणि अमोनिया बघा. तरीही आकडा खाली आणायचा असेल तर मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडा, पानं बाहेरच राहू द्या. ती चांगलं नायट्रेट खातात.