जुन्या गाडीत नव्या पिढीचे इंजिन : कमी खर्चात कसे बसवावे

जुन्या गाडीत नवे इंजिन बसवायचे मनात आले की बहुतेक जण आधी इंजिनाची किंमत विचारतात. प्रत्यक्षात इंजिनापेक्षा त्याच्याभोवतीच्या सामानावर, म्हणजे वायरिंग, सेन्सर, पंप, पाइप आणि माउंटिंगवर अधिक पैसे जातात. म्हणून सुटे इंजिन घेण्याऐवजी अपघातात बाद झालेली, परंतु इंजिन चालू असलेली अख्खी गाडीच घ्यावी. तिच्यातून इंजिन व गिअरबॉक्सबरोबर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), अखंड वायरिंग, ॲक्सिलरेटरचे पेडल आणि इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाशी, जोडलेली मूळ किल्लीही मिळते. ही किल्ली नसली, तर ठणठणीत इंजिनही सुरू होत नाही. नको असलेले सुटे भाग विकून थोडा खर्चही भरून निघतो.

पैसे मोजण्यापूर्वी, गाडीची नोंदणी असलेल्या ठिकाणी इंजिन बदलण्यास परवानगी आहे का आणि नवा इंजिन क्रमांक कसा नोंदवतात, हे विचारून घ्यावे. त्यानंतर इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावे. सर्व सिलिंडरचे आकडे एकमेकांपासून साधारण 10 टक्क्यांच्या आत असावेत. एकच सिलिंडर फार खाली असेल, तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. शेवटी मोजमाप करावे. रेडिएटरपासून फायरवॉलपर्यंतची (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्यापर्यंतची) लांबी, बॉनेटखालची उंची आणि ऑइल चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्याचा) खोल भाग पुढे आहे की मागे, या तीन गोष्टींवर काम सोपे जाणार की अवघड, हे ठरते.

इंजिन उतरवताना प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहावे आणि फोटो काढावेत. टांगलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नये. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचे मागचे ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलून घ्यावी, कारण हेच भाग पुढे बदलायचे झाल्यास पुन्हा सगळे उघडावे लागते. इथे काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

इंजिन बसवणे हा या कामाचा गाभा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच ठेवून खाली सोडावेत, म्हणजे बेल हाऊसिंग (दोहोंना जोडणारे आवरण) जुळवण्याचा प्रश्न उरत नाही. क्रॉस मेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर, ओल्या मातीचे गोळे ठेवून इंजिन हलकेच टेकवावे व पुन्हा उचलावे. गोळा जिथे कागदासारखा दबलेला दिसेल, तिथे चालत्या गाडीत चेंबर आपटणार. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असल्याने बोटभर तरी मोकळी जागा हवी. माउंटिंगचे ब्रॅकेट आधी ठिपक्यांपुरते वेल्ड करावेत आणि स्टिअरिंग, सायलेन्सर, गिअर लिव्हर सगळे मोकळे राहते, याची खात्री पटल्यावरच पक्के वेल्डिंग करावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि ईसीयू दोन्ही सोडवून ठेवावेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी बदलली, तर तो बॅलन्स करून घ्यावाच लागतो.

जुन्या गाड्यांतल्या कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला) साधारण 0.3 बार दाबाने पेट्रोल पुरते, तर पेट्रोल फवारणाऱ्या बहुतेक इंजेक्शन इंजिनांना 3 बारच्या आसपास दाब लागतो. त्यामुळे जुना पंप पुरत नाही आणि जुने रबरी पाइप ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. या दाबाला योग्य असे पाइप व क्लिप वापराव्यात.

वायरिंग लगेच कापून सुटसुटीत करण्याचा मोह टाळावा. आधी ती आहे तशी जोडून इंजिन सुरू करावे आणि मगच दिवे, काचा यांच्या नको असलेल्या तारा एकेक करून काढाव्यात. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाड अर्थिंग द्यावी आणि तिच्या बोल्टखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडावा. न सापडणारे कित्येक दोष या एका बोल्टखालीच दडलेले असतात.

पहिल्यांदा सुरू करताना आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवावे. इंधनपंप आणि स्पार्क प्लगची ठिणगी बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवावा. नंतर इंजिन गरम होऊ देऊन कूलंटमधली हवा काढावी व पंखा आपोआप सुरू होतो का, ते पाहावे. नव्या इंजिनाची ताकद जास्त असेल, तर रस्त्यावर नेण्यापूर्वीच ब्रेक त्या तोडीचे करून घ्यावेत. पहिल्या 100 किलोमीटरनंतर माउंटिंगचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि गाडीखाली पुठ्ठा अंथरून रात्रभर कुठे थेंब पडतो का, ते सकाळी पाहावे.