पडक्या किल्ल्याचं डिजिटल दस्तऐवजीकरण: आधी माप, मग मॉडेल

ढासळलेल्या किल्ल्याचं त्रिमितीय मॉडेल आज साध्या कॅमेऱ्यानेही करता येतं. पण ते दुरुस्तीच्या कामाचं आहे की नुसतं बघण्याचं, हे मापावर ठरतं. फोटोंवरून सॉफ्टवेअर बुरजाचा आकार बरोबर काढतं. तो बुरूज सहा मीटर उंच आहे की बारा, हे मात्र आपणच सांगावं लागतं.

म्हणून फोटोंच्या आधी कंट्रोल पॉइंट, म्हणजे भिंतीवरच्या नेमकी जागा मोजलेल्या खुणा. गणिताला तीन पुरतात, पण एका भिंतीसाठी आठ-दहा ठेवा. दोन्ही टोकांना, मध्ये, पायाशी आणि वरच्या कडेला, असे विखुरलेले. टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने, त्यांची मापं घ्या. ते नसेल तर पोलादी टेपने चार-पाच अंतरं मोजा. त्यातलं एक अंतर आणि दोन-तीन पॉइंट सॉफ्टवेअरला देऊ नका, त्यांच्यावरच शेवटी मॉडेल तपासायचं आहे. जुन्या दगडाला गोंदाने निशाण चिकटवू नका. ते काढताना दगडाचा पापुद्रा निघतो. ओळखू येणारा टोकदार कोपरा किंवा तिपाईवरचं निशाण पुरतं.

समजा कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिमी, रुंदीत ६००० पिक्सेल, आणि लेन्स २४ मिमीची. दहा मीटरवरून एका फोटोत भिंतीचा १५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच भाग येतो आणि एक पिक्सेल म्हणजे २.५ मिमी. लगतच्या दोन फोटोंत ८० टक्के भाग सामाईक (ओव्हरलॅप) हवा, म्हणून दर तीन मीटरला एक फोटो. दगडांमधले चुन्याचे सांधे आणि हत्यारांच्या खुणा नीट दिसायला हव्या असतील तर चार मीटरवर या. तिथे पिक्सेल १ मिमीचा होतो, पाऊल मात्र १.२ मीटरचं. झूमला हात लावू नका, फोकस एकदा लॉक करा, लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ/८ च्या आसपास, फोटो रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात. दिवस ढगाळ निवडा. कडक उन्हात सावल्या सरकतात आणि त्याच सावल्या दगडाच्या रंगात कायमच्या छापल्या जातात.

एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवत फोटो काढणं ही नेहमीची चूक. त्यातून खोली कळत नाही. प्रत्येक फोटोसाठी जागा बदलावीच लागते. गोल बुरजाभोवती दर १० अंशाला एक, म्हणजे एका फेरीत ३६. अशा तीन उंचींवरून तीन फेऱ्या.

लांब तटबंदीत आणखी एक घोळ होतो: सरळ भिंत मॉडेलमध्ये धनुष्यासारखी वाकते. सगळे फोटो एकमेकांना समांतर असले की लेन्सची विकृती नीट मोजली जात नाही आणि ती चूक भिंतीच्या आकारात शिरते. उपाय सोपा आहे. सरळ फोटोंसोबत डावीकडे-उजवीकडे २०–३० अंश तिरके फोटोही घ्या आणि मधला कंट्रोल पॉइंट कधीही गाळू नका.

भिंतीचा माथा जमिनीवरून दिसत नाही, आणि पाणी बहुधा तिथूनच मुरतं. त्यासाठी परवानगी काढून ड्रोन वापरा: एक फेरी सरळ खाली बघत, दुसरी ४५ अंशात. अंधाऱ्या, अरुंद जिन्यात लेझर स्कॅनर बरा. झुडपं छाटा, उपटू नका. कधी कधी मुळांनीच सैल दगड धरून ठेवलेले असतात.

आता पुनर्रचना. पडलेला मजला कुठे होता हे भिंतच सांगते. एका पातळीवर मोठ्या चौकोनी खोबणी आणि समोरच्या भिंतीतही तशीच ओळ असेल, तर तिथे तुळया होत्या. बांधकामाच्या परांचीची (मचाणाची) भोकं बहुधा लहान असतात आणि बाहेरच्या अंगालाही ठरावीक उंचीने दिसतात. ती तुळयांची समजलात तर नसलेले मजले उभे राहतील. कमानीचे पडलेले दगड एकेक नंबर देऊन, कुठे पडला होता ते नोंदवून स्कॅन करा. एका दगडावर वक्राचा फार लहान तुकडा असतो, त्यावरून काढलेली त्रिज्या पुष्कळ चुकते. अनेक दगड घ्या, त्यांच्या बाजूंचा निमुळता कोनही मोजा, आणि कमान आधी पडद्यावर जुळवून पाहा.

मॉडेलमध्ये चार रंग ठेवा: उभं असलेलं, त्याच वास्तूच्या पुराव्यावरून काढलेलं, त्याच काळाच्या दुसऱ्या किल्ल्यावरून घेतलेलं, आणि निव्वळ अंदाज. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या नवव्या कलमानुसार अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबायला हवा. पडद्यावर पुढे जाता येतं, पण रंग न लपवता.

मूळ रॉ फोटो, कंट्रोल पॉइंटची यादी आणि ई५७ किंवा पीएलवाय या फाइल स्वरूपातला बिंदुमेघ (मॉडेल ज्या मोजलेल्या बिंदूंचं बनतं त्यांचा संच) जपा. सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल पुढे उघडेल याचा भरवसा नाही. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा.

पुढच्या वर्षी तेच कंट्रोल पॉइंट धरून पुन्हा मोजणी करा आणि क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बिंदुमेघ एकमेकांवर ठेवा. तपासणीसाठी राखलेल्या पॉइंटवर चूक ५ मिमी येत असेल, तर ३ मिमीचा फरक म्हणजे भिंत सरकली असं धरू नका. २० मिमीचा फरक दिसला, तर मात्र भिंतीखालची वाट बंद करून संरचना अभियंत्याला बोलवा.