धुतलेलं नाणं कसं ओळखायचं

रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारलीत, तर जमिनीवर अंथरलेल्या फडक्यावर पाचव्या जॉर्जचा एखादा रुपया कालच टांकसाळीतून आल्यासारखा लखलखताना दिसेल. विचारलंत की विक्रेता कौतुकानं सांगतो, "साहेब, स्वच्छ धुऊन आणलाय!" त्यात लबाडी असतेच असं नाही. जुनी वस्तू घासूनपुसून द्यावी, अशीच आपल्याकडे रीत. संग्राहकाच्या लेखी मात्र त्या धुण्यात नाण्याची बरीचशी किंमत वाहून गेलेली असते.

धुतलेल्या नाण्यांचा दुसरा उगम म्हणजे देवघर. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणातले चांदीचे रुपये दर दिवाळीला घासले जातात. माझ्या आजीकडचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया असाच इतकी वर्षं टूथपेस्टनं घासला गेलाय की राणीच्या केसांची एकही बट उरलेली नाही. कडेच्या मण्यांच्या खाचेत कुंकू मात्र अजून आहे. बाजारात रुपयाच्या अक्षरांच्या बुडाशी असा लालसर थर दिसला, तर तो जुनेपणाचा रंग समजू नका. तो पूजेतला रुपया आहे आणि बहुधा अनेकदा घासलेला.

आधी तीन नाणी घ्या, त्यातली दोन बिघडवा

वाचून हे डोळ्यात बसत नाही. पाचव्या जॉर्जचे पाव आणे, म्हणजे जुने पैसे, स्वस्तात मिळतात. साधारण सारखेच झिजलेले तीन घ्या. एक तसाच ठेवा, दुसरा चिंचेच्या कोळात भिजवून चोळा, तिसरा टूथपेस्टनं घासा. मग तिन्ही शेजारी ठेवून बघा. चिंचेचा पैसा नुकत्याच घासलेल्या बंबासारखा उघडा गुलाबी दिसेल. टूथपेस्टच्या पैशावर बारीक रेघांचं जाळं दिसेल. ते दोन्ही दोन-तीन महिने खिडकीत राहू द्या. रंग परत चढेल, पण ठिपक्याठिपक्यांनी आणि मळकट. बोटांचे ठसेही उमटलेले दिसतील. बाजारातले बरेच "ओरिजिनल" तपकिरी पैसे मुळात असेच असतात.

उजेड आणि भिंग

ट्यूबलाइटखाली नाणं कधीही घेऊ नका. तो उजेड पसरट असतो, त्यात रेघा लपतात. घरी एकच दिवा लावा, बाकीचे बंद करा. बाजारात ताडपत्रीच्या सावलीतून उन्हात या. विक्रेत्याला त्याचं वावगं वाटत नाही, वाटलं तर तेही लक्षात ठेवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. नाणं कडेनं दोन बोटांत धरा आणि हळूहळू कलतं करत फिरवा.

वापरात न आलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ठसा पडताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि अतिसूक्ष्म रेषा उमटतात, ही त्यांची करामत. घासलं की त्या मोडतात, आम्लात बुडवलं की विरतात. मग नाणं स्टीलच्या ताटलीसारखं चमकतं: कसंही कलतं करा, उजेड आऱ्यांसारखा फिरत नाही.

झीज आणि चमक जुळते का?

माझ्या मते सगळी पारख या एका प्रश्नात आहे. राजाच्या मिशा सपाट, कान गुळगुळीत आणि भोवतालची मोकळी जागा मात्र आरशासारखी? हे जुळत नाही. हातोहात फिरलेल्या चांदीच्या रुपयावर उंच भाग फिकट, खोलगट भाग काळसर असतो आणि एकातून दुसऱ्यात रंग हळूहळू उतरतो. घासलेल्या रुपयात मोकळी जागा पांढरी आणि अक्षरांना चिकटून काळी किनार दिसते, कारण फडकं तिथपर्यंत पोचलेलं नसतं. भिंगातून बघाल तर रेघाही अक्षराच्या अलीकडेच थांबतात. वापरातले ओरखडे वाटेल त्या दिशेचे, कमीजास्त खोल असतात. घासल्याच्या रेघा एकाच खोलीच्या आणि एकाच दिशेच्या, किंवा अंगठा फिरवल्यासारख्या गोल.

चांदी साफ करायच्या द्रावणात नुसती बुडवलेली असेल तर रेघा दिसणार नाहीत. तिथे खाचा बघा. झिजलेला रुपया आणि खाचाही पांढऱ्याशुभ्र, म्हणजे बुडवलेलाच. काही जण मग अशा रुपयावर काळेपणा परत चढवतात. उकडलेल्या अंड्यातल्या गंधकानंसुद्धा चांदी काळवंडते. तो काळा रंग उंच भागावरही सारखाच बसलेला असेल आणि त्याखाली रेघा दिसत असतील, तर तो रुपया घेऊ नका.

कडही बघा. रुपयांच्या माळा करायची पद्धत होती. कडी काढून टाकली तरी डाकाची खूण उरते, आणि ती लपवायला त्या भागावर कानस फिरवलेली असते. तिथल्या उभ्या रेषा तुटलेल्या दिसतात.

1911 च्या रुपयाला जास्त जपा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून तो रुपया मागे घेतला गेला. त्याचं सगळं मोल त्या इवल्याशा हत्तीत आहे आणि घासताना नेमका तोच पुसट होतो.

शिवराईचं वेगळं आहे

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, अनेकदा मातीतून, हिरव्या कळंकासह येते. साफ केल्याशिवाय "श्री राजा शिव" वाचताच येत नाही. त्यामुळे इथे न धुतलेलीच हवी, हा हट्ट मी धरत नाही. आम्लानं खड्डे पडून तांबं स्पंजासारखं झालंय का, एवढंच बघतो. गुळगुळीत गडद तपकिरी शिवराई मिळाली तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

आणि भाव? 1939 पर्यंतच्या ब्रिटिश रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. घासलेल्या साध्या रुपयाला मी त्या दिवशीचा चांदीचा भाव देतो, वर फार तर चहाचे पैसे. विक्रेता "काका, चमक तर बघा" म्हणाला, की खिशातला टूथपेस्टचा पाव आणा काढून शेजारी धरतो. दोन्हींवरच्या रेघा त्यालाही दिसतात.